बागेतला तांडेल

बसा आरामात. मेणबत्ती तुमच्याकडे सरकवून घ्या. मला तिची गरज नाही, या शाळेत मी अंधारातही कुठल्या मूर्तीला धक्का लावत नाही. लाइट यायला आता वेळ लागेल. आमच्याकडे जरा वारा सुटला की कुठला तरी माड तारांवर डोकं टेकतो, आणि मग अख्खं रत्नागिरी एकमेकांना फोन करून विचारत बसतं, तुमच्याकडे आहे का म्हणून.

शाळा म्हणजे गणपतीची शाळा हो, मुलांची नव्हे. गणपती जिथे घडतात तिला आम्ही शाळाच म्हणतो. ही माझ्या वडिलांची, आप्पांची. आता माझी.

तुम्ही मघापासून विचारताय, तिसऱ्या पुतळ्याला मी नाही का म्हटलं. तब्येत ठणठणीत आहे माझी. कुणाशी भांडणही नाही, आणि असतं तरी काम सोडलं नसतं, भांडायला मला आवडतं. कारण वेगळं आहे. ते मी घाबरून सांगतेय असं मात्र समजू नका. घाबरण्याचा माझा स्वभाव नाही. जे झालं ते सांगते.

शहराला सुशोभीकरणाचा ताप चढला ते तुम्हाला माहीतच आहे. भिंतींवर कासवं आली, धनेश आले, नमन-खेळ्यांच्या नाचातली सोंगं आली. एका चौकात भलामोठा हापूस बसला. लोक त्याला वांगं म्हणतात आणि पत्ता सांगताना 'वांग्यावरून डावीकडे वळा' असंच सांगतात. तो माझा नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझे दोन. एक समुद्रावरच्या नव्या बागेत, होडीच्या काठावर बसलेला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. दुसरी गावातल्या बागेत, टोपली पुढ्यात घेऊन बसलेली मासेवाली. दोन्ही चांगले झालेत. उगाच विनय कशाला दाखवू?

माझी कामाची पद्धत मात्र ऐका, पुढे लागेल. सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट. आतली पोकळी रिकामी सोडली तर थापताना जाळी दबते, म्हणून आत काहीतरी भरावं लागतं. पुण्या-मुंबईचे लोक थर्माकोल भरतात. मी सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळमाळावरचं, वाळलेलं गवत भरते. आणि डोक्यात घालते नारळ. हसा, पण आप्पांची युक्ती आहे ती. खोबरं सुटून खडखडणारा सुका नारळ घालायचा, म्हणजे डोकं गोल बसतं, हलकं राहतं, मानेवर भार येत नाही.

शिवाय मला कामाशी बोलायची खोड आहे. गणपतींशी बोलून बोलून लागली. नाव घेऊन हाक मारायची, रागवायचं, लाडीगोडी लावायची, म्हणजे हात नीट चालतो. मासेवालीला मी माझाच चेहरा दिला होता. आरशात बघायचं आणि करायचं, मॉडेल घरचीच. गवत कमी पडलं तेव्हा माझी एक जुनी सुती साडी, रुईच्या काठाची, बोळा करून तिच्या पोटात कोंबली. आणि हाक मारायची तर 'निशे, मान वर कर' अशी. आप्पा गेल्यापासून मला निशे म्हणणारं कुणी उरलं नाही. सगळ्या गावाची मी निशाताई.

तांडेलाचा चेहरा मात्र सगुणावहिनीने आणून दिला.

ती आमच्या खालच्या आळीत राहते. सुकी मच्छी विकते, दात पुढे आलेले, हसली की सगळं तोंड हसतं. तिचा नवरा हरिश्चंद्र खराच तांडेल होता. वादळात बोट सापडली, खलाशी परत आले, हा आला नाही. शोधणारे थकले. प्रेत मिळालं नाही, त्यामुळे दिवस झाले नाहीत. वहिनीने मंगळसूत्र काढलं नाही आणि बांगड्या फोडल्या नाहीत. बारा वर्षं उलटली तेव्हा तिचा दीर, लवू, भटजींना घेऊन आला होता. प्रेत नसलं की गवताचा माणूस करून त्याला अग्नी देतात, तेवढं तरी करू म्हणाला. लवू वाईट माणूस नाही. भाऊ कुठेतरी लटकत राहिलाय हे त्याच्याने बघवत नव्हतं. पण वहिनीने दोघांनाही पायरीवरूनच परत पाठवलं.

"जिवता असला तर?" ती मला म्हणाली होती. "जिवत्या माणसाला जाळू मी?"

तर ती फोटो घेऊन इथे आली. तुम्ही बसलाय तिथेच बसली.

"निशा, तोंड असां कर. उद्या आला नं बंदरात, तर लोकांनी वळखला पायजे."

"कोण आला तर? नाव तरी घ्या वहिनी."

तिने पदर तोंडाला लावला. "गप गो. आमी नाय नाव घेत."

लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. मी तिला फार चिडवायची त्यावरून. रेशन दुकानात नाव विचारलं तर ही दुसऱ्याकडे बोट दाखवायची, तू सांग म्हणून. जाताना तिने पिशवीतून एक शर्ट काढला. निळ्या चौकड्यांचा, कॉलर विरलेली.

"अंगाचा अदमास येल तुला," म्हणाली.

अंदाज आला. खांदे रुंद होते माणसाचे. काम झाल्यावर शर्ट परत द्यायचा होता. पण छातीत गवत बसेना, पोकळी राहत होती, आणि शर्ट हाताशी होता. बोळा केला आणि कोंबला. वहिनीला विचारलं नाही. ती वस्तू तिच्यासाठी काय आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कामाच्या घाईत माझं असंच होतं. आणि दिवसभर चाललेलं, 'हरिश्चंद्रा, हात खाली घे बाबा', 'हरिश्चंद्रा, नाक सुटलं बघ तुझं'. तिने कधी न घेतलेलं नाव मी महिनाभर घेतलं.

पुतळा बसला. भाषणं झाली, सेल्फी झाले. वहिनी गर्दी पांगल्यावर आली. लांबून बघितलं, मग जवळ जाऊन त्याच्या गुडघ्यावरची धूळ पदराने पुसली. मला वाटलं आता रडेल, पण ती हसली. त्या दिवशी मला माझ्या हातांचा फार अभिमान वाटला.

मग चैत्र लागला. नळाला पाणी नाही, अंगाला नुसत्या धारा. एका सकाळी दोन्ही बागांचा माळी धोंडू, त्याचा फोन आला.

"ताई, तुमचा तांडेल भिजलाय."

"पाणी मारलंस का झाडांना?"

"पाणी हाय कुठं मारायला? आनि कंबरेखालीच भिजलाय. वर नाय."

रंगाचा डबा घेऊन गेले. मला वाटलं सिमेंटने ओल धरलीय, वॉटरप्रूफिंगचा एक हात मारला की झालं. सकाळची वेळ, समुद्र तेलासारखा शांत, ओहोटी लागलेली. बाग रस्त्याच्या अलीकडे, चांगली उंचावर. लाट तिथवर पावसाळ्यातही येत नाही. आणि तांडेल कमरेपर्यंत चिंब. चौथरा कोरडा. ज्या होडीवर तो बसलाय ती सिमेंटची होडी कोरडी. फक्त तो ओला. कमरेशी सरळ रेघ, भिंतीवर पुराच्या पाण्याची राहते ना, तशी. बोट लावून चाटून बघितलं. खारट.

वास होता. बंदरात सडक्या मासळीचा असतो तो नव्हे. खोल पाण्यातून जुना दोर वर काढला की येतो, तसला थंड वास.

मी पुसलं, रंग मारला, धोंडूला म्हटलं खाऱ्या वाऱ्याने होतं असं. तो चौथऱ्याच्या कोरड्या कडेवरून बोट फिरवत राहिला. माझंही मला पटलं नव्हतं, पण हातात ब्रश असला की माणसाला बरं वाटतं.

पुढच्या वेळी गेले तेव्हा पायांवर कालवं धरली होती.

कातळावरची कालवं बघितलीत तुम्ही? धारदार शिंपल्यांची, एकावर एक चिकटलेली. बोटभर वाढायला कितीतरी काळ जातो त्यांना, आणि रोज भरतीचं पाणी लागतं. इथे घोट्यापर्यंत दाट थर. छिन्नीने खरवडली. जिवंत होती. फुटली की आतून पाणी यायचं. खरवडून झाली, निघाले, आणि मागे वळून बघितलं तर पाण्याची रेघ कमरेवर नव्हती. पोटावर होती.

दर भेटीला ती चढत गेली. भरती यावी तशी. लोकांना वाटायचं कारंज्याचं काहीतरी बिघडलंय. एकाने तर मला सुचवलं, ताई, निळे दिवे सोडा यावर, छान दिसेल.

हे एवढंच असतं तर मी तो पुतळा फोडून नवा केला असता आणि विसरले असते. पण रेघ चढत होती तसतशी सगुणावहिनी खचत होती. आधी धाप लागायला लागली, मग जेवण तुटलं, मग पाठ टेकून झोपताच येईना. बसल्या जागी उशीला टेकून रात्र काढायची. डॉक्टरने फोटो काढून सांगितलं, छातीत पाणी झालंय. सुईने काढलं, पुन्हा भरलं. सगळ्या तपासण्या केल्या, कारण सापडेना. पाणी मात्र चढतंय.

मी तिच्याकडे गेले तेव्हा उंबऱ्याबाहेर ओल होती. दुपारची वेळ, अंगण तापून लाल झालेलं, आणि उंबऱ्याच्या बाहेर तेवढ्याच जागेत ओल.

"तो येतो," ती म्हणाली. मी विचारलंही नव्हतं. "रोज येतो. भायेर उभा ऱ्हातो... आत नाय येत."

"दिसतो?"

"नाय. थेंब वाजतात... कापडातनं पानी गळल्यासारखे."

"बोलतो काही?"

तिने मान हलवली. मग माझा हात धरला. तिचा तळवा बर्फासारखा होता.

"निशा... तुझ्या त्या पुतळ्यात तू काय घातलंस?"

सांगून टाकलं. मला लपवाछपवी जमत नाही. सळ्या, जाळी, गवत. डोक्यात नारळ. आणि... वहिनी, तुमचा तो शर्ट. जागा राहत होती म्हणून.

ती श्वास घ्यायला थांबत थांबत बोलली.

"भटजींनी काय सांगितला व्हता तुला ठावं हाय? गवताचा माणूस करायचा... डोक्याला नारळ ठेवायचा... त्याच्या अंगावरचां वापरलेलां कापड घालायचां. आनि नाव घेऊन बोलवायचा त्याला." तिने माझा हात दाबला. "तू नाव घेतलंस?"

"घेतलं," मी म्हटलं. महिनाभर घेतलं होतं.

"मंजे आला तो," ती म्हणाली. "तू बोलवलास, तो आला. गवतात येऊन बसला. आनि अग्नी कोण देनार? सिमेंटात कोंडलास तू त्याला. ना हिकडचा, ना तिकडचा."

त्या घरात इतका उकाडा होता, आणि मला थंडी वाजली. हे मी कबूल करते. पण लगेच दुसरं मनात आलं, की पाणी पुतळ्याच्या गळ्याशी आलंय. मी सकाळीच बघितलं होतं. नाकातोंडात जायला आता फारसा वेळ नव्हता. वहिनीचा जीव जात होता, आणि तिला अजूनही ठरवायचं होतं, नवरा मेला असं म्हणायचं की नाही.

"उघडू?" मी विचारलं.

तिने उंबऱ्यापलीकडच्या त्या ओलीकडे बघितलं.

"त्याला थंडी वाजत असंल," ती म्हणाली. "उघड."

परवानग्या काढत बसले असते तर पावसाळा उजाडला असता. दुरुस्ती आहे म्हणून ताडपत्री बांधली, धोंडूला बागेचं फाटक लावायला सांगितलं, आणि भर दुपारी ग्राइंडर लावून तांडेलाची पाठ कापली. लवू सोबत होता. चौकोनी झाकण निघालं तसा तो खोल पाण्याचा वास भसकन अंगावर आला. लवू दोन पावलं मागे सरला.

गवत चिंब होतं. त्यात रेती होती, बारीक शिंपले होते. मी चारी बाजूंनी सिमेंट थापलेलं, आत हवा जायला फट नव्हती. तरी रेती. मी मुठी भरभरून गवत बाहेर काढलं. मानेतून हात वर घालून नारळ सोडवला. मी घातलेला नारळ सुका होता, कानाशी धरला की आतला गोळा टकटक वाजायचा. हा जड होता. हलवला तर आत पाणी डचमळलं. नंतर फोडला तेव्हा कळलं, खारं पाणी होतं.

पण मी थांबले ती शर्टापाशी.

बोळा करून कोंबला होता हो मी. माझ्या या हातांनी. आणि आत तो नीट घातलेला होता. छातीवर पसरलेला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. बाह्या दोन्ही बाजूंना गेलेल्या, खांद्यातून खाली, दंडात... दंड भरीव आहेत त्याचे. तिथे मी पोकळी ठेवलेलीच नव्हती. नुसतं सिमेंट आणि सळी. आणि बाह्या त्यात मनगटापर्यंत गेल्या होत्या. मी ओढल्या, तर सहज बाहेर आल्या, कुणी हात सैल सोडावेत तशा.

लवू तोंड फिरवून उभा होता. "दादा," एवढंच म्हणाला.

समुद्राकाठच्या स्मशानात तिन्हीसांजेला नेलं. बायका स्मशानात येत नाहीत वगैरे लवूने सुरू केलं, मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. वहिनीला रिक्षातून आणलं, दोन पावलं चालली की बसत होती. भटजींनी गवत नीट रचलं, वर शर्ट ठेवला, डोक्याशी नारळाच्या फुटलेल्या करवंट्या. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, एकदा बोलावलं की पाठवायला लागतं. आणि पाठवायची वाट ही एकच. म्हणून हे उगाच कुणी करू नये. जिवंत माणसाचं गवत असं जाळलं तर मागे माणूस उरत नाही." मी मान डोलावली. तेव्हा माझं सगळं लक्ष वहिनीकडे होतं.

मंत्र झाले. नाव, गोत्र, सगळं झालं. लवूने अग्नी दिला.

पेटेना. ओलं गवत, धूरही धड निघेना. तूप घातलं, राळ टाकली, कापूर टाकला. ज्योत यायची आणि कुणी फुंकर मारावी तशी विझायची. काळोख दाटत आला. भरतीचं पाणी खडकांवर वाजत होतं, आणि त्या आवाजात दुसरा एक आवाज होता... आमच्या अगदी मागे, थेंब पडल्याचा. टप... टप. मी वळले नाही. लवूही वळला नाही. वहिनी मात्र वळली.

तिने कुणाकडे बघितलं मला माहीत नाही. मी तिचा चेहरा बघत होते. नवऱ्याला बोटीवर पोचवायला आलेल्या बाईचा असतो तो चेहरा होता. डबा दिला, विडीकाडी दिली, आता काय राहिलं, असा.

"हरिश्चंद्र," ती म्हणाली.

उभ्या जन्मात पहिल्यांदा. आवाज कोवळा निघाला तिचा, नव्या नवरीसारखा.

"हरिश्चंद्र... मी नाय थांबवत आता. जा."

आणि भडका उडाला. ओलं गवत असं पेटताना मी आयुष्यात बघितलेलं नाही. एक करवंटी घरंगळून माझ्या पायाशी आली, ती आत ढकलायला मी हात घातला आणि तळवा पोळला. हा बघा. मेणबत्ती आणा जवळ. चंद्रकोरीसारखा डाग आहे ना? तो तेव्हाचा.

वहिनीच्या छातीतलं पाणी त्या आठवड्यात ओसरलं. ती आता पाठ टेकून झोपते, वाडगाभर आमटी-भात जेवते. मंगळसूत्र तिने स्वतःच्या हाताने काढलं, रडली, मनसोक्त रडली, आणि दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन बाजारात बसली. मला म्हणते, आता नाव घ्यायला भीती नाय वाटत. येता-जाता घेते. तांडेलाची पाठ मी बुजवली, आत काही न घालता. कालवं आपोआप गळून पडली. आज दुपारी तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढलात ना? कोरडा खडखडीत होता की नाही? काळजी करू नका, तिथे आता कुणी नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी तिसरा पुतळाच काय, आणखी दहा केले असते.

हाताची पट्टी सुटल्यावर मी गावातल्या बागेत गेले. सहज, मासेवालीचा रंग उडालाय का बघायला. तिचा उजवा हात टोपलीच्या काठावर उताणा आहे, गिऱ्हाईकाकडे पैसे मागतोय असा. त्या तळव्यावर काळा डाग होता. चंद्रकोरीसारखा. पोरांनी कोळशाने काढला असेल म्हणून ओल्या फडक्याने घासला. रंगाच्या वर नव्हता तो. रंगाच्या खालून आला होता.

तेव्हा तिथल्या बाकावर बसून मी सगळा हिशोब लावला. गवत. नारळ. माझी वापरलेली साडी. आणि नाव घेऊन हाक, तीही महिनाभर. फक्त हरिश्चंद्र जिथून आला तिथून यायची मला गरज नव्हती. मी जवळच होते.

तुम्ही म्हणाल, मग उघडा आणि काढा बाहेर. काढते की. ग्राइंडर आहे, हात आहेत. पण काढून ठेवू कुठे? एकदा बोलावलं की पाठवायला लागतं, आणि पाठवायची वाट एकच. भटजींकडे मी जाऊन आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाले, जिथे आहे तिथे सांभाळा. म्हणून सांभाळते. दर पावसाळ्याआधी तिला मी स्वतः रंग लावते. पोरं तिच्या मांडीवर चढतात त्यांना ओरडत नाही, मला पोरं आवडतात. धोंडूला सांगून ठेवलंय, तडा दिसला की आधी मला फोन कर. झकास चाललंय आमचं दोघींचं.

आता तिथला रस्ता रुंद होणार आहे. सोमवारी क्रेन येतेय, तिला उचलून समुद्रावर तांडेलाच्या शेजारी बसवणार. कल्पना चांगली आहे, मीच इंजिनिअरला तसं म्हटलं. तो म्हणाला, ताई, उचलताना फुटली तर नवीन करून द्याल ना? मी म्हटलं, फुटणार नाही. मी केलेली आहे ती. आणि सोमवारी मी तिथे उभी राहणार आहे, क्रेनवाल्याच्या डोक्यावर, पट्टा कुठे बांधायचा ते मी दाखवणार. हातून निसटू देणार नाही.

एकच गोष्ट आहे, तिचा मला अजून उलगडा झालेला नाही. ती साडी मी बोळा करून घातली होती. आत आता ती कशी आहे, मला माहीत नाही. पण घरी मी गाऊन घालून झोपते, सैल, नाडी नाही, पट्टा नाही. आणि गेले काही दिवस सकाळी उठले की माझ्या कमरेवर घट्ट निऱ्या खोचल्याचा वळ असतो. लाल, ताजा. हात लावून बघितला तर त्याच्या कडेने रुईच्या काठाची बारीक नक्षी बोटांना लागते.